उलाळ होडी

भुशी म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी आठवते, गरम भजी आठवते. आम्हांला पावसाळा म्हणजे कणसांची पोती, ओला कोळसा आणि दर शनिवार-रविवारी आज कोण घसरले, कोण बुडाले याची धास्ती. आमची आई कित्येक वर्षे त्या रस्त्याला कणसे भाजते. वडील रेल्वेत गँगमन होते, घाटातले रूळ सांभाळण्यात त्यांची उमर गेली. आम्ही दोघे भाऊ. थोरला गॅरेजात मिस्त्री, धाकटा टेम्पोवर ड्रायव्हर. तिसरा आमचा मेहुणा, तो उरणला मजुरी करतो आणि सुटी मिळाली की इकडे येतो. हे भुशीचे धरणसुद्धा मूळचे रेल्वेचेच. घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांची तहान भागवायला ते एकोणिसाव्या शतकात बांधले. म्हणजे आमच्या घराची चूल दोन्ही बाजूंनी रेल्वेच्या पाण्यावरच पेटली म्हणायची! पण आमच्या घरात कोणी कधी होडीत पाय ठेवला नव्हता.

३० जून २०२४ चा रविवार वाचकांना आठवत असेल. धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचे एक कुटुंब अडकले, लोंढा वाढला आणि पाच जण वाहून गेले. त्यांत चार लेकरे होती. शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते आले, वरच्या आय.एन.एस. शिवाजीतले नौदलाचे पाणबुडे आले, धरणाच्या पाण्यात शोध चालला. सगळे मृतदेह त्या दिवशी मिळालेही नाहीत. होडी असती तर ती माणसे वाचली असती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या लोंढ्यापुढे कसली होडी टिकते? पण नंतर काठावर उभे राहून नुसते बघत बसण्याचे जे दुःख आहे ते ज्याने भोगले त्यालाच कळेल. आईने त्या दिवशी शेगडी विझवली ती तीन दिवस पेटवली नाही.

त्यातून होडी घ्यायचे डोक्यात आले. बंद पडलेल्या एका रिसॉर्टच्या मागे गवतात चौदा फुटी फायबरची होडी पालथी पडलेली होती. तिच्याबरोबर पंचवीस हॉर्सपॉवरचे जुने पेट्रोल इंजिन होते, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे असते तसले, ज्याला आऊटबोर्ड म्हणतात. दोन्ही मिळून पंचावन्न हजार. त्यातले वीस हजार आईच्या भिशीचे. धाकट्याच्या बायकोने त्या साली नवी शिलाई मशीन घ्यायची होती, ती राहिली. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे होडी नीट चालेना तेव्हा घरातली मशीन रोज आमच्याकडे बघत होती, म्हणजे जी घेतली नाही ती!

परवानगी, नोंदणी, अर्ज यांत दोन महिने गेले, ती रडकथा सांगत नाही. चाचणीसाठी आम्ही होडी टेम्पोत घालून पवनेच्या पाण्यावर नेली. लोहगड, तुंग, तिकोना यांच्यामध्ये पसरलेले ते पाणी डिसेंबरात आरशासारखे असते. इंजिन एका ओढीत सुरू झाले. थोरल्याने हँडल पिळले. आणि होडीने जे नाक वर केले ते वरच! मागची फळी पाण्यात बसली, मागे लाटेचा डोंगर उभा राहिला, इंजिन जीव तोडून ओरडत होते आणि मोबाईलवर वेग दिसत होता ताशी बारा किलोमीटर. सायकलवाला आमच्या पुढे गेला असता.

इथे जरा समजावून सांगितले पाहिजे, कारण आम्हांलाही हे कोणी सांगितले नव्हते. होडी सावकाश जाते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते. त्या सारण्याने पुढे एक लाट उठते आणि होडी जणू त्या लाटेच्या खळग्यात अडकते. चौदा फुटी होडीला ही वेस ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या आसपास लागते. त्यापुढे जायचे तर होडीला स्वतःच्याच लाटेवर चढावे लागते. चढली की तिचा तळ पाण्यावर तरंगण्याऐवजी घसरायला लागतो, जसा चपटा दगड तळ्यात फेकला की टप्पे घेत जातो तसा. मग त्याच इंजिनावर वेग दुप्पट-तिप्पट होतो. वडिलांच्या भाषेत सांगायचे तर कर्जतहून लोणावळ्याला गाडी चढवताना मागे बँकर इंजिने जोडतात, कारण घाटाचा चढ सदतीस फुटांमागे एक फुटाचा आहे. एकदा लोणावळा आले की बँकर सोडतात, गाडी आपल्या बळावर पुण्याला जाते. सगळा जोर घाटातच लागतो. आमची होडी मंकी हिलवरच थकून उभी होती.

पण वेगापेक्षा मोठी गोष्ट त्याच दिवशी घडली. नाक वर असल्यामुळे मागे हँडल धरून बसलेल्या थोरल्याला पुढचे पाणी दिसतच नव्हते, नुसते आभाळ आणि तिकोन्याचे टोक. मेहुणा एकदम ओरडला, "माणूस! माणूस!" थोरल्याने हँडल फिरवले. हाताच्या अंतरावरून एक काळी ट्यूब गेली. तिच्यावर एक म्हातारा बसला होता, जाळे लावत होता. ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून मासे धरणारे बरेच जण त्या पाण्यावर असतात. आमच्या लाटेने तो दोनदा वरखाली झाला, पण पडला नाही. आम्ही इंजिन बंद करून माफी मागायला गेलो. त्याने शिवी दिली नाही. इतकेच म्हणाला, "मला तुमची होडी दिसली, पर होडीत मानूस काय दिसला नाय. बिनमानसाची होडी बघून म्या घाबारलो."

घरी येताना कोणी बोलले नाही. बुडणाऱ्याला काढायला होडी घेतली आणि पहिल्याच दिवशी तरंगणाऱ्याला बुडवले असते. आठवड्याभरातच, १८ डिसेंबर २०२४ ला, मुंबईत नौदलाची एक जलद बोट इंजिनाची चाचणी घेताना ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा जण गेले. ती बातमी आमच्या घरात मोठ्याने कोणी वाचली नाही. थोरल्याने वर्तमानपत्र घडी करून फळीवर ठेवले आणि म्हणाला, "होडी विकू." धाकटा म्हणाला, "विकली तरी घेणारा असाच चालवील."

मग आईला बोलावले. तिला होडीतले काय कळते म्हणाल, तर काहीच नाही. पण तिचे माहेर शेतातले, लहानपण बैलगाडीत गेले. आम्ही काढलेली मोबाईलवरची फीत तिने एकदा पाहिली आणि म्हणाली, "आरं, गाडी उलाळ झालीया तुमची. समदं वझं मागं."

उलाळ! हा शब्द आम्ही विसरलोच होतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलते, बैलांच्या मानेला फास बसतो, ती उलाळ गाडी. पुढे जास्त झाला की बैलांच्या खांद्यावर भार येतो, ती धुरजड. शहाणा गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून भार चाकांवर आणतो. आमच्या होडीत मागच्या फळीवर पन्नास किलोचे इंजिन, त्याच्या पायाशी चोवीस लिटरची पेट्रोलची टाकी, शेजारी बॅटरी, आणि हँडल धरायला सत्तर किलोचा थोरला. पुढे एकटा मेहुणा, तोही हडकुळा. एवढा सगळा भार मागे ठेवून आम्ही इंजिनाला शिव्या देत होतो.

टाकी आणि बॅटरी पुढच्या बाकाखाली नेली. थोरल्याला पुढे बसता यावे म्हणून हँडलला पीव्हीसी पाईपचा दोन फुटी तुकडा पक्का बसवला. हा सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचा उपाय ठरला. फरक पडला, पण होडी अजून घाट चढेना.

तेव्हा थोरल्याच्या मनात शंका आली की होडी स्वतःच जड आहे. चौदा फुटी होडी चौघांना सहज उचलायला हवी, आम्हांला सहा जण लागत होते. भंगारवाल्याच्या काट्यावर घातली तर इंजिनाशिवाय २६८ किलो! दोन तळांच्या मध्ये होडी तरंगती राहावी म्हणून फोम भरलेला असतो. आतल्या तळाला भोक पाडले तर हिरवट पाणी ठिबकायला लागले. वर्षानुवर्षे गवतात पडून तो फोम पावसाचे पाणी प्यायला होता. आतला तळ कापून तो कुजका फोम खरवडून काढला, होडी फेब्रुवारी ते एप्रिल उन्हात ठेवली. परत काट्यावर १९० किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस आम्ही फुकट घेऊन फिरत होतो.

नवा फोम घालताना एका शेजाऱ्याने थर्माकोल सुचवला. थर्माकोल घालू नका. पेट्रोल सांडले की तो विरघळतो, आणि फायबरच्या रसायनानेही विरघळतो. पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम मिळतो, तोच घातला. आणि फोम नकोच असे कोणी म्हटले तर ऐकू नये. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये ही त्याचीच कृपा.

यानंतर शिवाजीच्या वर्कशॉपमध्ये उमर काढलेले शेजारचे काका मदतीला आले. ती संस्था १९४५ पासून नौदलाच्या इंजिनवाल्यांना शिकवते. काकांनी तिथे हत्यारे देण्या-घेण्याचे काम केले, पण कान आणि डोळे उघडे ठेवून केले. त्यांनी होडीमागे उकिडवे बसून पंख्याकडे पाहिले आणि विचारले, "ही आडवी पाती कुठं असायला पायजे?" पंख्याच्या वर इंजिनाला एक आडवी चपटी पाती असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर वर हवी. आमची पाच इंच खाली होती! या इंजिनांच्या पायांची मापे दोन: पंधरा इंची आणि वीस इंची. आमचे इंजिन वीस इंची आणि मागच्या फळीची खाच पंधराची. पाच इंच जास्तीचे लोखंड पाण्यातून ओढत नेत होतो. खाच पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडने भरून, आरपार बोल्ट मारून, वर फायबर चढवून फळी वीस इंची केली. त्यामुळे मागून आत येणारे पाणीही थांबले. फार वर घेतले तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसते गरगरते आणि होडी जागची हालत नाही, तेही काकांनी सांगून ठेवले.

इंजिनाच्या ब्रॅकेटला पाच भोके आणि एक पिन असते. तिने इंजिन फळीपासून किती दूर झुकेल ते ठरते. जुन्या मालकाने पिन सर्वात बाहेरच्या भोकात घातली होती, म्हणजे पंखा होडीचे नाक आणखी वर ढकलत होता. इथे आम्ही उतावीळपणा केला. एकदम सर्वात आतल्या भोकात पिन घातली आणि पुन्हा पवनेला गेलो. होडी चढली! पहिल्यांदाच तळ पाण्यावर घसरला, आवाज बदलला, मेहुण्याने आरोळी ठोकली. पण आता होडी धुरजड झाली होती. नाक पाणी कापत खाली दबले आणि धाकट्याने वळण घेताच होडी पुढच्या टोकावर गरकन फिरली. तो पाण्यात. होडीत मेहुणा एकटा, इंजिन मात्र बंद. कारण काकांनी हँडल धरणाऱ्याच्या मनगटाला लाल दोरी बांधायला लावली होती. माणूस पडला की दोरीची खूण निघते आणि इंजिन थांबते. ती नसती तर फिरता पंखा घेऊन होडी त्याच्याभोवतीच गोल फिरली असती. पंख्याला काय, पाणी आणि माणूस सारखेच. त्या दिवसापासून आमच्यात दोरीशिवाय कोणी हँडलला हात लावत नाही आणि जाकीटाशिवाय होडीत पाय ठेवत नाही.

पिन मग एकेक भोक बाहेर काढत गेलो. तिसऱ्या भोकात होडी बेडकासारखी टुणटुण उड्या घ्यायला लागली, दुसऱ्यात शांत झाली. एकावेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा, हा थोरल्याचा गॅरेजातला नियम. वही आईच्या हिशेबाचीच होती. एका पानावर कणसांचे शेकडे, दुसऱ्यावर भोकांचे आकडे.

राहिला पंखा. पंख्यावर दोन मापे कोरलेली असतात, एक रुंदीचे आणि दुसरे पिचचे, म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा किती इंच पुढे जाईल ते. पिच मोठा म्हणजे गाडीचा वरचा गिअर. आमच्या पंख्याचा पिच तेरा इंच होता, रिसॉर्टवाल्याने एका-दोघांना वेगाने फिरवायला घेतलेला. आम्हांला चार माणसे घेऊन चढायचे होते. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा स्वस्त मीटर मिळतो, त्याने फेरे मोजले. चौघे बसल्यावर पूर्ण हँडलला ४,३०० फेरे. इंजिनाच्या पुस्तिकेत पाच ते साडेपाच हजार हवेत. तिसऱ्या गिअरात घाट चढवावा तसे चालले होते. एक इंच पिच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात. शिवाय आमचे पाणी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर. विरळ हवेत हजार फुटांमागे इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्के घटते, म्हणजे पंचवीस घोड्यांतला दीड घोडा घाट चढतानाच गळाला. उरणला चालणारा पंखा मावळात चालेलच असे नाही, ते यामुळे. गंमत अशी की बदली पंखा आला उरणहूनच. मेहुण्याने ओळखीच्या मच्छीमाराकडून नऊ इंच पिचचा जुना पंखा आणला, दाते जुळवून बसवला. चौघांना घेऊन ५,१०० फेरे. होडी पाच-सहा सेकंदांत नाक वर करते, खाली आणते आणि ताशी तीस किलोमीटरने सरळ जाते. दोघेच असले तर आणखी वेग मिळतो, पण त्याची गरज नाही.

हँडल उजवीकडे ओढत होते तेवढे राहिले होते. पंख्यामागे आडव्या पातीखाली एक छोटे पर असते, त्याचा बोल्ट ढिला करून मागची कड किंचित फिरवली. एका पान्याचे काम, पण त्यासाठी आमचे मनगट दोन महिने दुखत होते.

चार जणांपुढे पाचवा घ्यायचा नाही हे पक्के आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला पुराच्या पाण्यात पलूस तालुक्यातल्या ब्रम्हनाळला बचावाचीच होडी माणसांनी ठासून भरली होती आणि ती उलटली. वाचवायला आलेल्या होडीत बायका-मुले गेली. घाबरलेल्या माणसाला 'पुढच्या खेपेला' असे सांगणे फार अवघड असते, पण ते सांगता येत नसेल त्याने हँडल धरू नये. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना इंजिन आधी बंद, मग वल्ह्याने. आणि धबधब्याच्या, खडकाच्या ओढीत ही होडी घालायची नाही. तिथे दोर आणि शिकलेली माणसे लागतात. आमच्या होडीला ते जमत नाही, आणि जमते असे दाखवणार नाही.

मे महिन्याच्या शेवटी, २०२५ साली, पहिला वळीव पडून गेल्यावर आईला पवनेला नेले. ती पुढच्या बाकावर टाकीशेजारी पदर खोचून बसली. जाकीट तिला मोठे झाले. होडी चढली तशी तिने बाक घट्ट धरला, मग हळूच सोडला. नाकावरून तिकोना दिसत होता, त्याच्याखालचे पाणीही दिसत होते आणि दूरवर एक काळी ट्यूब दिसत होती. थोरल्याने तिथूनच हँडल सैल केले, लाट विरू दिली, इंजिन बंद केले. म्हातारा तोच होता. त्याने आमच्याकडे, मग आईकडे पाहिले.

"ही कोन?" त्याने विचारले.

"आमची आई."

"मग हिला म्होरं बसवत जा," तो म्हणाला आणि जाळ्याचा दोर आमच्या हातात दिला. पलीकडचे टोक एका बुडालेल्या झाडाला अडकले होते, ते सोडवून आणायला.